मंगळावरच्या वस्तीत पाणी कोण भरतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि मंगळावरच्या एका मराठी वस्तीवर कादंबरी लिहिताय. नायिका वस्तीची मुख्य अभियंता आहे, तिची आजी ऊसतोडीला जायची. पात्रांची आडनावं आणि बोली तुम्ही बीडकडच्या तुमच्या गावातल्याच ठेवल्या आहेत. लेखनगटात पहिलं प्रकरण वाचून दाखवल्यावर तीन आक्षेप आले. एक, विज्ञानकथा मुळात पुरुषांनी घडवली, बायका मागाहून आल्या. दोन, ही विविधता वगैरे बाहेरून आलेली टूम आहे, तिच्यामुळे कथेतलं विज्ञान पातळ होतं. तीन, जात मंगळावर कशाला नेताय? यात तथ्य किती आणि काय बदलायचं, असं तुम्ही विचारलंत. पहिलं प्रकरणही जोडलंत, ते बरं केलंत.

मी चौतीस वर्षं विज्ञानकथा लिहिते आहे. त्यातली बरीच वर्षं दुसऱ्यांच्या कथा तपासण्यात आणि स्पर्धांचं परीक्षण करण्यात गेली. म्हणून आधीच सांगते, तुमची बाजू खरी आहे, पण ती तुम्ही फक्त न्यायाच्या मुद्द्यावर मांडलीत. "बायकांनाही जागा मिळायला हवी," असं तुम्ही गटात म्हणालात. ते रास्तच आहे. पण माझ्यापुरतं बोलायचं तर, ज्या कथेत निम्मी माणसं नाहीत तिच्यातलं विज्ञानच कच्चं असतं. "असं झालं तर काय?" हा प्रश्न शेवटपर्यंत नेणं म्हणजे विज्ञानकथा. तो प्रश्न यंत्र चालवणाऱ्याला विचारला आणि धूर, पाणी, तान्हं मूल, आजारपण, सांडपाणी ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना विचारलाच नाही, तर उत्तर अर्धवटच येणार. गणितात एक चल विसरल्यासारखं.

पहिल्या आक्षेपाला तारखाच उत्तर देतात. 'फ्रँकेन्स्टाइन' १ जानेवारी १८१८ रोजी लंडनमध्ये तीन खंडांत निघालं, प्रती फक्त ५००. पुस्तकावर लेखिकेचं नाव नव्हतं आणि प्रस्तावना तिच्या नवऱ्याने, कवी पर्सी शेलीने लिहिलेली. त्यामुळे पुस्तक त्याचंच असावं असं अनेकांना वाटलं. मेरी शेलीने ते लिहायला घेतलं तेव्हा ती १८ वर्षांची होती. इतपत माहिती बहुतेकांना असते. मला त्यामागची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. मेरीची आई तिला जन्म दिल्यावर अकरा दिवसांत बाळंतरोगाने गेली. मेरीचं स्वतःचं पहिलं मूल, अपुऱ्या दिवसांची मुलगी, १८१५ मध्ये जन्मून काही दिवसांतच दगावलं. त्यानंतर तिने रोजनिशीत एक स्वप्न लिहून ठेवलंय: बाळ नुसतंच गारठलं होतं, आम्ही त्याला शेकोटीपुढे चोळलं आणि ते जिवंत झालं. पुढच्याच वर्षी तिने ती कादंबरी सुरू केली.

आता कादंबरी या नजरेने पुन्हा वाचा. प्रयोग यशस्वी होतो ती घटना सुरुवातीच्याच प्रकरणांत येऊन जाते. व्हिक्टर या शास्त्रज्ञाने घडवलेली निर्मिती डोळे उघडते आणि तो खोलीतून पळून जातो. उरलेलं सगळं पुस्तक एकाच प्रश्नावर उभं आहे: जीव निर्माण केलात, आता त्याला वाढवणार कोण? विजेच्या ठिणगीपाशी थांबणाऱ्या माणसाला हा प्रश्न सुचला नसता. मूल जन्मलं की खरं काम तिथून पुढे सुरू होतं, हे जिने अंगावर काढलंय तिला तो सुचला. आज कृत्रिम बुद्धिमत्तेवर जी कथा येते तीही फिरून याच प्रश्नापाशी येते. म्हणजे बाई विज्ञानकथेत मागाहून आली नाही, दार तिनेच उघडलं. तिच्याही आधी, १६६६ मध्ये, मार्गारेट कॅव्हेंडिशने दुसऱ्याच एका जगाची आणि तिथे सम्राज्ञी होणाऱ्या बाईची गोष्ट इंग्लंडमध्ये छापली होती.

आपल्याकडचं बोलायचं तर १९०५ साल आणि मद्रासचं 'इंडियन लेडीज मॅगझिन'. रोकेया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा त्यात आली. रोकेया रंगपूरजवळच्या पायराबंदच्या, पडद्यात वाढलेल्या. बंगाली आणि इंग्रजी त्या घरातच, भावाबहिणीच्या मदतीने शिकल्या. नवरा भागलपूरला सरकारी अधिकारी. तो दौऱ्यावर असताना वेळ घालवायला म्हणून त्यांनी ही कथा लिहिली. परतल्यावर त्याने ती उभ्याउभ्याच वाचून संपवली आणि म्हणाला, हा तर भयंकर सूड आहे. कथेतल्या देशात पुरुष पडद्यात आहेत आणि राज्य बायका चालवतात. विद्यापीठातल्या शास्त्रज्ञ बायकांपैकी काहींनी ढगांतून थेट पाणी उतरवायची सोय केली आहे, काहींनी सूर्याची उष्णता साठवायची. शत्रू चालून येतो तेव्हा तीच उष्णता त्याच्या सैन्यावर वळवली जाते.

तुमच्या गटातल्या त्या मित्रांना यातला स्वयंपाकघराचा प्रसंग वाचायला द्या. पाहुणी आत जाते तर चूल नाही, कोळसा नाही, धूर नाही, सगळं सूर्याच्या उष्णतेवर शिजतंय. १९०५ सालात सौरऊर्जेची कल्पना आणखीही कुणी केली असेल. पण ती आधी चुलीपाशी न्यायची, हे धुराने डोळे चुरचुरणाऱ्या माणसालाच सुचतं. आणखी एक हिशेब आहे, तो वाचताना मी दर वेळी थांबते. या देशातल्या बायका कचेरीचं काम दोन तासांत कसं उरकतात? उत्तर असं: एक चिरूट संपायला अर्धा तास लागतो, पुरुष दिवसाला बारा चिरूट ओढतो, म्हणजे सहा तास तिथेच गेले. वेळेचा हा हिशेब घर चालवणाऱ्या बाईचा आहे. पुढे १९११ मध्ये याच रोकेयांनी कलकत्त्यात मुलींची शाळा सुरू केली. मुली मिळवण्यासाठी त्या घरोघर फिरल्या.

मराठीत काशीबाई कानिटकर आहेत, १८६१ ते १९४८. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं चरित्र लिहिणाऱ्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांची 'पालखीचा गोंडा' ही कादंबरी १९२८ मध्ये आली. तिच्यातल्या संस्थानाचा कारभार बायकांच्या हाती आहे आणि त्या तो नव्याने घडवून दाखवतात. यंत्रं त्यात नाहीत, म्हणून कुणी तिला विज्ञानकथा म्हणणार नाही. पण "समाज वेगळ्या नियमांवर चालवला तर काय होईल?" हा प्रयोग मराठीत एका बाईने शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता. मीरा कोसंबी यांनी काशीबाईंवर इंग्रजीत मोठं काम केलं, ते मिळालं तर जरूर वाचा. आपल्या शाळा-कॉलेजांत मात्र ही कादंबरी कुणी हातात दिली नाही. मला ती चाळिशीत कळली, आणि इतकी वर्षं उशीर झाला याचं फार वाईट वाटलं.

अद्भुताचं म्हणाल तर आणखी मागे जा. श्रावणात "आटपाट नगर होतं" म्हणून कहाणी सांगायच्या त्या बायका, ऐकायच्या त्याही बायका. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजा गावातलं सगळं दूध मागवतो. पोरं, वासरं उपाशी राहतात आणि गाभारा काही भरत नाही. एक म्हातारी घरातल्या मुलाबाळांना खाऊ घालते, लेकीसुना, गाईवासरं, सगळ्यांचा जीव थंड करते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन देवळात जाते. गाभारा भरतो. मी ही कहाणी साधनांच्या वाटपाची गोष्ट म्हणून शिकवते. मंगळावर वस्ती करणाऱ्याने ती पाठ करावी. तिच्याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

नावांबद्दल थोडं सांगायचं आहे, कारण "बायका फारशा नव्हत्या" असं वाटण्याचं एक कारण नावातच लपलंय. १९७४ मध्ये जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून केलेलं नाव. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून ती लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. आपल्या कीर्तीचा फायदा मिळू नये यासाठी त्यांनी नाव लपवलं, आणि या सचोटीबद्दल मला त्यांचा फार आदर आहे. त्याच काळात अमेरिकेत जेम्स टिपट्री ज्युनियर या नावाचा एक लेखक गाजत होता. पत्रव्यवहार टपालपेटीतून चाले, प्रत्यक्ष कुणी त्याला पाहिलेलं नव्हतं. १९७५ मध्ये रॉबर्ट सिल्व्हरबर्ग या नामवंत लेखकाने टिपट्रीच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिली. हे लिखाण पुरुषाचंच असणार, त्यात काही अटळपणे पुरुषी आहे, असं त्याने तिथे ठामपणे मांडलं. दोनेक वर्षांत उघड झालं की टिपट्री म्हणजे ॲलिस शेल्डन. एकेकाळी लष्करात आणि सीआयएत काम केलेली, मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली, साठीला आलेली बाई. आडनाव तिने मार्मलेडच्या एका बरणीवरून उचललं होतं. सिल्व्हरबर्गने चूक मोकळेपणाने कबूल केली.

दोघांनी नाव लपवलं, पण एकाने मिळणारा लाभ नको म्हणून आणि दुसरीने होणारा तोटा टाळायला. हा फरक तुमच्या मित्रांना नीट समजावून सांगा. १९९२ मध्ये माझी पहिली विज्ञानकथा एका मासिकाकडून परत आली तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की बाईंनी कौटुंबिक कथा पाठवावी, ती नक्की छापू. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. तीच कथा दोन वर्षांनी नुसत्या आद्याक्षरांनी दुसरीकडे पाठवली आणि छापून आली. संपादकांचं पत्र "श्रीयुत" म्हणून सुरू होत होतं.

आता दुसरा आक्षेप, विज्ञान पातळ होतं हा. इथे मला खरोखर राग येतो, कारण इतिहास बरोबर उलटं सांगतो. सॅली राइड १९८३ मध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. मोहीम आठवड्याभराची. मासिक पाळीसाठी किती टॅम्पॉन द्यायचे, असा अभियंत्यांना प्रश्न पडला आणि त्यांनी तिला विचारलं, १०० पुरतील का? जगातले अत्यंत हुशार अभियंते, कक्षा दशांशापर्यंत काढणारे, आणि निम्म्या मानवजातीच्या शरीराबद्दल एवढी साधी गोष्ट त्यांना माहीत नव्हती. मार्च २०१९ मध्ये दोन महिलांचा ठरलेला स्पेसवॉक बदलावा लागला, कारण दोघींना बसेल अशा मधल्या मापाच्या पोशाखाचा धडाचा भाग अंतराळस्थानकावर एकच तयार होता. तो स्पेसवॉक शेवटी १८ ऑक्टोबर २०१९ रोजी क्रिस्टिना कोच आणि जेसिका मेअर यांनी केला. पोशाख कमी पडणं ही तांत्रिक चूक आहे. तुमच्या मंगळवस्तीच्या भांडारात काय काय आहे याची यादी करायला बसलात की अशा दहा चुका तुम्हाला स्वतःच्याच लिखाणात सापडतील. मला माझ्या लिखाणात सापडल्या.

तुम्ही तर बीडच्या. ऊसतोडीचा हंगाम, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल, नवराबायको मिळून एक 'कोयता', आणि एक दिवस खाडा झाला तर कापले जाणारे पैसे, हे तुम्हाला मी काय सांगावं. या बायकांपैकी फार मोठ्या संख्येने गर्भाशय काढून घेतलेल्या आहेत हे २०१९ मध्ये राज्यभर चर्चेत आलं आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून शरीरच कापून कामाच्या मापाचं करायचं. भविष्यात मजुरांची शरीरं कामासाठी बदलली जातील अशा कथा जगभर लिहिल्या जातात, आणि ती गोष्ट तुमच्या तालुक्यात घडून गेली आहे. मंजुळा पद्मनाभन यांच्या 'हार्वेस्ट' या इंग्रजी नाटकात मुंबईतल्या एका खोलीत राहणारं कुटुंब आपल्या माणसाचे अवयव दूरदेशीच्या श्रीमंताला देऊ करतं. १९९७ मध्ये त्याला ग्रीसचा ओनासिस पुरस्कार मिळाला. नाटकातलं तंत्रज्ञान काल्पनिक आहे, व्यवहार मात्र ओळखीचा आहे, म्हणून ते अंगावर येतं. तुमच्या नायिकेच्या आजीला तुम्ही फक्त दोन परिच्छेद दिलेत. मला वाटतं, कादंबरीतली सर्वांत जाणकार व्यक्ती तीच आहे.

टूमेबद्दल एवढंच. एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेला एकाच त्रयीच्या तिन्ही कादंबऱ्यांसाठी २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षं ह्यूगो पुरस्कार मिळाला. ओळीने तीन वर्षं कादंबरीचा ह्यूगो तिच्याआधी कुणालाच मिळाला नव्हता. विज्ञानकथेतला हा मानाचा पुरस्कार वाचकांच्या मतांवर मिळतो. तिच्या त्या जगात भूकंप हाच इतिहासाचा कणा आहे, आणि भूकंप आवरू शकणाऱ्या माणसांनाच समाज गुलामासारखं वागवतो. भूगर्भशास्त्र आणि गुलामगिरी तिथे वेगळी काढताच येत नाहीत.

लिंगाच्या प्रश्नावर मात्र मी जरा थांबणार आहे, कारण तो मराठी लेखकाच्या हातातला, अगदी हत्यारांचा प्रश्न आहे. उर्सुला ले ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' १९६९ मध्ये आली. तिच्यातल्या ग्रहावर माणसं महिन्यातले बरेच दिवस ना स्त्री ना पुरुष असतात. थोड्या दिवसांपुरतं शरीर कुठल्या तरी एका बाजूला झुकतं, आणि कुठल्या ते आधी माहीत नसतं. म्हणजे कुणीही आई होऊ शकतं, राजासुद्धा. पण ले ग्विन यांनी त्या सगळ्यांना इंग्रजीत पुरुषवाचक सर्वनाम वापरलं. त्यावर टीका झाली आणि पुढे त्यांनी स्वतःच मान्य केलं की त्यामुळे ही माणसं वाचकाला पुरुषच वाटत राहिली.

मराठीत हे आणखी अवघड. इंग्रजीत सर्वनाम बदललं की भागतं, आपल्याकडे लिंग क्रियापदात शिरलेलं आहे. गेला, गेली, गेलं. 'मी' म्हणणारं पात्रसुद्धा 'निघतो' किंवा 'निघते' म्हटल्याशिवाय दाराबाहेर पडू शकत नाही. नपुंसकलिंग वापरावं तर "ते आलं" म्हणताच डोळ्यांपुढे तान्हं मूल नाहीतर वासरू येतं. एका कथेसाठी मी यावर दोन महिने घालवले, तेव्हा काही वाटा सापडल्या. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्मामागे जातं: "किरणने दार उघडलं", "मी भाकरी खाल्ली". यात बाई की पुरुष ते कळत नाही. आदरार्थी 'त्यांनी, त्यांना, त्यांचं' दोघांनाही सारखंच चालतं. विसरणं, बोलणं, शिकणं, जेवणं ही क्रियापदं मात्र दगा देतात, "मी विसरलो" की "मी विसरले" हे सांगावंच लागतं. जुन्या कथनातला रीतिभूतकाळ उपयोगी पडतो, "तो येई, ती येई" यात फरक नाही. आणि मग भविष्यकाळ. मी जाईन. तू जाशील. तो जाईल, ती जाईल. हिंदीत तिथेही 'जाऊंगा' आणि 'जाऊंगी' होतं, मराठीत होत नाही. आपल्या भाषेच्या भविष्यकाळाला लिंग नाही! हे लक्षात आलं त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. ती सगळी कथा मी भविष्यकाळात लिहिली. तुमच्या कादंबरीत असं पात्र आत्ता नाही, पण पुढे आलं तर "मराठीत हे जमत नाही" असं कुणी म्हटलं तरी मानू नका.

तिसरा आक्षेप, जातीचा. "डॉ. कुलकर्णी प्रयोगशाळेत शिरले," असं वाक्य तुम्ही वाचलं असतं तर गटात कुणाचीही भुवई उंचावली नसती. त्या वाक्यातही जात आहे, फक्त ती कुणाला दिसत नाही. माझ्याकडे आलेल्या कथांत शास्त्रज्ञांची आडनावं वर्षानुवर्षं तीच दहा-बारा असायची. ज्यांना आडनावच नाही अशी पात्रं म्हणजे शिपाई गणपत आणि कामवाली रखमा. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. भविष्याची कल्पना करताना आपल्या ओळखीच्या गल्लीतली माणसंच यानात बसवली जातात. माझ्या पहिल्या तीन-चार कथांतही हेच घडलं आहे, आज त्या वाचताना सलतं. तुम्ही तुमच्या गल्लीतली माणसं बसवलीत, यात गैर ते काय?

आणि मंगळावर जात जाणार नाही हे कुणी ठरवलं? जातीयता बोटीतून आफ्रिकेत गेली, विमानातून अमेरिकेत गेली. यानातून ती उतरली असेल तर कशी उतरली, हे कथेने दाखवायला हवं. ते दाखवणं हीच एक मोठी विज्ञानकथा होईल.

या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवलं ते ऑक्टेव्हिया बटलर यांनी. आई लोकांच्या घरी काम करायची, मागच्या दाराने आत जायची, आणि लहानगी ऑक्टेव्हिया ते बघायची. १९७९ च्या 'किंड्रेड'मध्ये १९७६ सालातली एक कृष्णवर्णीय तरुणी पुन्हा पुन्हा एकोणिसाव्या शतकातल्या मेरीलँडच्या मळ्यावर, गुलामगिरीत खेचली जाते. कालप्रवास कसा होतो हे बटलर सांगतच नाहीत. त्या दाखवतात की भूतकाळात उतरल्याबरोबर या बाईचं शरीर दुसऱ्याच्या मालकीचं होतं. तोवर कालप्रवासाच्या बहुतेक कथांतला नायक जिथे उतरेल तिथे कुतूहलाने हिंडत असे. १९९५ मध्ये बटलर यांना मॅकआर्थर ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप मिळाली, विज्ञानकथा लिहिणाऱ्यांत पहिल्यांदाच.

मराठीत पेशवाईत जाणाऱ्या नायकाच्या कथा मी ढिगाने वाचल्या आहेत. तो शनिवारवाडा बघतो, नानासाहेबांना भेटतो, भारावून परत येतो. अशी कथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी मुक्ता साळवेचा निबंध वाचायला सांगते. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मातंग मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांवर काय गुदरलं ते तिने त्यात लिहिलं आहे. आता तुमचं कालयंत्र मुक्ताच्या पणतीला द्या आणि त्याच पुण्यात उतरवा. कथेचा एकही प्रसंग जुना राहणार नाही. मिमी मंडल या बंगाली दलित लेखिकेने बटलर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रांचं आणि लेखांचं एक पुस्तक दुसऱ्या एका संपादिकेबरोबर केलं, आणि २०१८ मध्ये त्याला ह्यूगोचं नामांकन मिळालं. कॅलिफोर्नियातल्या मोलकरणीच्या मुलीने लिहिलेलं बंगालमधल्या मुलीच्या कामी आलं. तुमच्याही येईल.

गटाच्या बाजूने एक गोष्ट मान्य करते. ओढूनताणून आणलेली विविधता वाईटच असते, अशा कथा मी पुष्कळ परत केल्या आहेत. सुरेशचं सुरेखा केलेलं असतं, बाकी पानभर काही बदललेलं नसतं. किंवा एक आदिवासी पात्र येतं, झाडपाल्याचं औषध सांगतं आणि मरतं. ओळखायची माझी रीत अशी: ते पात्र काढून टाकलं तर कथेतल्या मूळ "असं झालं तर?" या प्रश्नाचं उत्तर बदलतं का? बदलत नसेल तर पात्र शोभेचं आहे. आणि जे जगणं आपलं नाही त्यावर लिहायचं तर त्या माणसांकडे जा, बसा, लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. बोली विनोदासाठी वापरू नका. तुमच्या मुकादमाच्या तोंडी ती तशी आली आहे, पान नऊ बघा. नायिका मात्र बैठकीत एकदम पुस्तकी बोलायला लागते. तिला तिच्याच भाषेत दाबाचं गणित मांडू द्या.

वाचायला शुभदा गोगटे, मेघश्री दळवी, स्मिता पोतनीस यांच्या विज्ञानकथा घ्या, इंग्रजी जमत असेल तर वंदना सिंह. सिंह स्वतः भौतिकशास्त्र शिकवतात, आणि त्यांच्या कथांत घर आणि विश्व एकाच वाक्यात कसं येतं ते बघण्यासारखं आहे.

आता तुमचं प्रकरण. पाणी शुद्ध करणारं यंत्र बिघडतं, ९० तासांचं पाणी उरलेलं असतं, आणि तुम्ही पाच तज्ज्ञांना बैठकीला बसवता. पाचही जण झडपा आणि गाळण्यांवर बोलतात. वस्तीत २१२ माणसं आहेत असं तुम्हीच लिहिलंय. त्यातली अंगावर पाजणारी किती, आजारी किती, कुणाच्या घरी हंडाभर जास्त आहे, कोण लाजेने मागणार नाही, हे त्या बैठकीत कुणालाच माहीत नाही. तुमच्या नायिकेच्या आजीने कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, सहा महिने काढताना एकाच घागरीतून आधी काय, मग काय, आणि उरलेलं बैलांना किती, हा क्रम रोज लावला असणार. खुलभर दूध घेऊन जाणाऱ्या म्हातारीचाही तोच क्रम होता. नायिकेला तो ठाऊक असायला हवा, आणि बैठकीत ती तो मांडू लागली की कुणीतरी तिला गप्प करायला हवं. तिथून प्रकरण पुन्हा लिहा आणि मला पाठवा. आडनावं आहेत तशीच ठेवा.